पाप कमी पडलेला माणूस

फिदेन्सियो गिरणीवाल्याचं दुःख एकच होतं. त्याच्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं पाप नव्हतं.

तसा तो अगदीच कोरा नव्हता. लहानपणी शेजाऱ्याचे पेरू चोरले होते. एकदा जत्रेत उसाची दारू जास्त झाली आणि त्याने मेहुण्याच्या नव्या टोपीत ओकारी केली होती. पण एवढ्या भांडवलावर विजयी तुतारी या ख्रिस्ती मंडळीत कुणी मान वर करून बघत नव्हतं. तिथे पापाला वजन लागायचं.

सान कासियानोच्या चढावरच्या वस्तीत, पत्र्याच्या छपराखाली ही मंडळी भरायची. पाळक नेहेमियास यांची शिकवण सोपी होती: माणूस डोळे उघडतो तो रणांगणात आणि मिटतो तोही रणांगणात. शत्रू, म्हणजे सैतान, दिसत नाही, म्हणून डोक्याला शिरस्त्राण आणि हातात ढाल, अर्थात विश्वासाची, घेतल्याशिवाय चूलसुद्धा पेटवायची नाही. मंडळीतल्या बायकांनी ती शिकवण फारच मनावर घेतली होती. सर्दी झाली की सर्दीच्या आत्म्याला धमकावायच्या, प्रवचनात पेंग आली की पेंगेच्या आत्म्याला बांधून टाकायच्या. बस चुकली तरी त्यात शत्रूचा हात असे, उशिरा उठण्याचा नसे. फिदेन्सियोच्या गिरणीचा पट्टा तुटला तेव्हा पाळकांनी स्वतः येऊन मोटारीला तेल लावून प्रार्थना केली होती. पट्टा त्याच्या लग्नाइतका जुना होता हे फिदेन्सियोला ठाऊक होतं, पण त्याने आमेन म्हटलं आणि नवा पट्टा आणला.

दर रविवारी साक्ष व्हायची. म्हणजे उभं राहून सांगायचं की मी कोण होतो आणि देवाने मला कशातून ओढून काढलं. या खेळात ओबेदचा हात धरणारा कुणी नव्हता. ओबेद पूर्वी किनाऱ्याच्या रस्त्यावर बस लुटायचा. त्याची साक्ष सगळ्यांना तोंडपाठ होती, तरी तो बोलायला लागला की बाकं हुंदक्यांनी हलायची. दर वर्षी त्याची बंदूक थोडी लांब होत होती, पण त्याबद्दल तक्रार कुणाची? उपासनेनंतर कोंबडीच्या रश्श्यातली तंगडी ओबेदच्या ताटात पडायची. फिदेन्सियोच्या वाट्याला खुर्च्या उचलणं यायचं.

एकदा त्यानेही साक्ष दिली होती. "देवाने मला लहानपणापासून सांभाळलं," तो म्हणाला होता, "मी कष्ट करतो, बायको चांगली आहे, माप खोटं करत नाही." मागे कुणीतरी जांभई दिली. पाळकांनी गिटारवाल्याला खूण केली आणि म्हणाले, "थोडक्यात आणि गोड, भाऊ." ते 'थोडक्यात' फिदेन्सियोच्या काळजात काट्यासारखं राहिलं. आयुष्यभर सरळ वागलो ते काय खुर्च्या उचलण्यासाठी, असं त्याला वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून तो स्वतःवरच चिडायचा.

मग मंडळीचा वर्धापनदिन आला. शहरातून पाहुणे आले, दोन पाळक आणि त्यांच्या इस्त्री केलेल्या बायका. ऐन वेळी ओबेदचा घसा बसला. पाळक नेहेमियास कावरेबावरे झाले. "कुणाकडे आहे का सांगायला काही? देवाच्या गौरवासाठी?"

फिदेन्सियो उभा राहिला. देवाशपथ, तो फक्त जत्रेतली दारू सांगणार होता, फार तर दोन घोट वाढवून. पण माईक हातात आला, इस्त्रीवाल्या बायकांनी माना वळवल्या, आणि त्याची जीभ जी सुटली ती त्याच्याही हाती लागेना.

"भावांनो, मी चेटक्या होतो," तो म्हणाला.

मंडळी गपकन गप्प झाली. अशी शांतता त्याने स्वतःसाठी कधी ऐकलीच नव्हती. ती त्याला दारूपेक्षा चढली. चेटकी पुजतात त्या सान सिमोनच्या टोपीवाल्या मूर्तीपुढे आपण सिगार पेटवायचो, गिरणीत काळ्या मेणबत्त्या लावायचो, याच चढावरच्या घरांच्या अंगणात बाहुल्या पुरायचो, असं तो सांगत सुटला. "कुणाच्या गाईचं दूध आटवलं, कुणाच्या घरात भांडण लावलं. लेकरांनासुद्धा सोडलं नाही मी!" बायका किंचाळल्या. शहरातल्या एका पाळकाने गुडघे टेकले. नेहेमियास यांनी फिदेन्सियोला कडकडून मिठी मारली, आणि त्या दिवशी तंगडी त्याच्या ताटात पडली. एक नाही, दोन.

घरी आल्यावर ओदिलियाने दार लावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तुम्ही? चेटूक? अहो, तुम्हाला साधी मांजर गिरणीतून हाकलता येत नाही!"

"देवाच्या गौरवासाठी होतं ते."

"देवाला गौरव कमी पडला होता का, की तुमची थाप हवी होती?"

"ओबेद नाही वाढवून सांगत?"

"ओबेद बस लुटायचाच! त्याने बंदूक वाढवली. तुम्ही तर सबंध माणूसच नवा बनवलात. निस्तरा आता."

निस्तरायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. एरवी चुन्यात शिजवलेल्या मक्याची घमेली घेऊन बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत लागायची. त्या दिवशी रांग उंबऱ्यातच संपली. आलेल्या बायकाही दळून निघालेल्या मक्याच्या गोळ्याकडे निरखून बघत होत्या, त्यात बोट घालून वास घेत होत्या. बाकीच्या खालच्या गिरणीकडे गेल्या होत्या, जिच्या दगडांना कित्येक वर्षांत टाकी लागली नव्हती.

मागच्या दाराने मात्र गर्दी वाढली. पहिली आली ती मंडळीतली सिस्टर एउलालिया, उपासनेत सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि शाल तोंडावर ओढली.

"फिदेन्सियोभाऊ, एक बारीकसं काम होतं."

"दळण पुढच्या दाराने घेतो मी, सिस्टर."

"दळण नाही हो. ती खालच्या वळणावरची शिंपीण आमच्या ह्यांच्याकडे बघून हसते. मारू-बिरू नका हं, आपण विश्वासी माणसं. नुसते केस गळाले तरी चालेल."

"सिस्टर! मी सोडलंय ते सगळं!"

"तेच तर म्हणते मी. सोडलंय म्हणजे येत तर असणारच."

अशा तिघीजणी येऊन गेल्या. पाळकही आले, पण पुढच्या दाराने आणि निराळ्या कामाला. शहरातल्या तीन मंडळ्यांनी साक्षीसाठी बोलावणं धाडलं होतं. "भाऊ, शत्रूच्या छावणीतून आलेला माणूस आहेस तू," त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ओबेद काय, बसच लुटायचा." हे ऐकायला फिदेन्सियो किती वर्षं तळमळला होता! आता ऐकलं तर त्याने घाईने मोटार सुरू केली, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून.

त्यानंतर बिसेंतामावशी आली.

मावशीचं घर गिरणीच्या समोर, रस्त्यापलीकडे. तमाल, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकून तिने संसार रेटला. दारात खुर्चीत तिचा मुलगा चेपे बसलेला असायचा. लहानपणी त्याला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा हातपाय त्याचे राहिले नव्हते, बोलणंही नाही. आता तो बाप्या झाला होता, पण मावशी त्याला अजून चमच्याने भरवायची. जाणारायेणाऱ्याकडे बघून तो हसायचा. फिदेन्सियो रोज शटर वर करताना त्याला हात करायचा.

मावशीने घमेलं आणलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"फिदे, तू म्हणालास, लेकरांनासुद्धा सोडलं नाही."

फिदेन्सियोने मोटार बंद केली.

"माझा चेपे... तो तुझ्यामुळे का रे?"

तोंड उघडायचं आणि नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. शेंबडं पोरही करू शकलं असतं. पण नाही म्हटलं की सगळंच नाही होणार, वर्धापनदिन, मिठी, शहरातली बोलावणी, आणि मंडळीसमोर आपण खोटारडे ठरणार. फिदेन्सियो दगडांकडे बघत राहिला. माझं म्हणणं विचाराल तर सैतान शिंगं-बिंगं घेऊन येत नाही, त्याला एवढी क्षणभराची टाळाटाळ पुरते. मावशीने त्याच्या गप्प बसण्याचा जो अर्थ कुणीही घेतला असता तोच घेतला. तिने डोळे मिटले, भिंतीला हात टेकला आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. हातात केळीच्या पानात बांधलेले गरम तमाल.

"रात्रभर देवाशी भांडले," ती म्हणाली. "मग झोपले. फिदे, मी तुला क्षमा केली. घे, खा."

"मावशी, ऐक ना माझं..."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला मक्याचा वास होता. "काही बोलू नकोस. बोललास की शत्रू तुझ्या तोंडून भलतंच वदवेल. खा तू." आणि तो खाईपर्यंत ती समोर उभी राहिली. रस्त्यापलीकडून चेपे त्याच्याकडे बघून हसला, नेहमीसारखाच, आणि फिदेन्सियोला पहिल्यांदाच हात करता आला नाही.

ती गेल्यावर त्याने ओदिलियाला हाक मारली. "रविवारी खरं सांगून टाकतो."

"सांगाच," ओदिलिया म्हणाली. "खुर्च्या उचलायचात तेव्हा बरे दिसत होतात."

रविवारी मंडळी खच्चून भरली. नव्या साक्षीची बातमी आसपासच्या वाड्यांवर पोचली होती. फिदेन्सियोने माईक घेतला. डोकं इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वच्छ होतं. बिसेंतामावशी पहिल्या बाकावर बसली होती, धुतलेली शाल घेऊन.

"भावांनो, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी चेटक्या नव्हतो. मी कुणाच्या अंगणात काही पुरलं नाही. मला चेटूक येत नाही. मला फक्त तुम्ही माझ्याकडे बघावंसं वाटत होतं. मला क्षमा करा."

मग सिस्टर एउलालियाने किंकाळी फोडली, आणि तिला तर फोडावीच लागली असेल, केसांचं प्रकरण बाहेर पडण्याआधी: "खोटं बोलणारा आत्मा! पाहा, पाहा, त्याच्या तोंडून बोलतोय!"

"मी बोलतोय!" फिदेन्सियो म्हणाला. "मी, फिदेन्सियो!"

"तो असंच म्हणतो!" ओबेद ओरडला. त्याचा घसा आता अगदी ठणठणीत होता. "शत्रू नेहमी असंच म्हणतो!"

पाळक नेहेमियास यांनी कोट काढला. वाईट माणूस नव्हे तो, पण शहरात तीन मंडळ्यांना शब्द दिला होता, आणि माणसाला जे सोयीचं असतं ते त्याला मनापासून खरं वाटू शकतं. "त्याला सोडवू या!" ते गरजले. फिदेन्सियो 'अहो, ऐका' म्हणतोय तोवर चौघांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं. कपाळावर तेलाची अख्खी बाटली उपडी झाली. डोक्यावर, पाठीवर, खांद्यांवर हात पडले आणि सगळे एकदम, आपापली, मोठ्याने प्रार्थना करायला लागले. पत्रे दणाणले. तो जितकं 'नाही, नाही' म्हणे तितका आवाज चढे. अंगात काही नसलेल्या माणसातून नेमकं काय बाहेर काढायचं, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता.

त्या हातांत एक हात हलका होता, मक्याच्या वासाचा. बिसेंतामावशी त्याच्या कानाशी वाकली होती. गदारोळात तिचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि ती ते त्याला सांगतही नव्हती.

"प्रभू, हा नाही म्हणतोय रे. हा नसेल तर मग मीच. त्या दिवशी सकाळी पोराचं अंग तापलं होतं, मला कळत होतं. मला माहीत होतं आणि तरी मी जत्रेत तमाल विकायला गेले. अंगावर ओलं फडकं टाकून गेले. सगळे तमाल संपेपर्यंत बसले मी तिथे. इतकी वर्षं मीच होते, प्रभू. आता चार रात्री झोपले. परत नको टाकू माझ्यावर. याला नाही म्हणू देऊ नकोस. पाया पडते, याला नाही म्हणू देऊ नकोस."

फिदेन्सियो ओरडायचा थांबला.

तेल डोळ्यांत उतरलं होतं, त्यामुळे दिसत काही नव्हतं. फक्त तो आवाज कानात होता. थाप मारली तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं ती कुठे जाऊन लागणार, आणि खरं बोलला ते कुठे लागेल हेही ठाऊक नव्हतं. आता दोन्ही कळलं होतं. रडू आलं त्याला. चढावरच्या सगळ्या माणसांत सगळ्यांत सरळ माणूस होता तो, आणि खरं बोलायची पाळी आली तेव्हा ते बोलायचा हक्क घालवून बसला होता.

"नाव सांग!" पाळक त्याच्या अंगातल्या आत्म्याला दरडावत होते. "येशूच्या नावाने हुकूम आहे, तुझं नाव सांग!"

"लबाडी," फिदेन्सियो हळूच म्हणाला.

मंडळी गर्जली. "नीघ! नीघ!" निघणारा आत्मा खोकल्यातून निघतो हे सगळ्यांना माहीत होतं, फिदेन्सियोलाही. तो खोकला. जोरात, पोटापासून. कुणीतरी थुंकायला पिशवी धरली. हालेलूयांचा पाऊस पडला आणि गिटारवाल्याने खुणेची वाट न बघताच सूर धरला.

पाळकांनी माईक त्याच्या तोंडाशी नेला. "आता बोल, भाऊ. मोकळा होऊन बोल. बिसेंताने मला सांगितलंय सगळं. तिच्या मुलावर चेटूक कुणी केलं?"

त्याने डोळे पुसले. मावशी समोर उभी होती, शालीचं टोक मुठीत आवळून. इतकं कुणी आयुष्यात त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला. "मीच केलं, मावशी. तुझा काही दोष नव्हता. तू घरी असतीस तरी झालं असतं."

मावशी खाली बसली आणि तिने त्याचं तेलकट डोकं छातीशी धरलं. दोघंही रडत होते, आणि दोघांचं रडणं खरं होतं. पाळकांनी हात वर केले. "शत्रू पुन्हा हरला!"

"कुठे पुरलंस रे ते?" मावशीने मग नाक पुसत विचारलं.

"लिंबाच्या झाडाखाली," फिदेन्सियो म्हणाला, कारण तिच्या अंगणातलं तेवढंच त्याला आठवलं.

"मंगळवारी सगळे मिळून खणू या," पाळकांनी जाहीर केलं. "सापडलेलं इथे आणून जाळू. शहरातल्या भावांनाही बोलावतो."

ओदिलियाने त्या दिवशी एकदाही आमेन म्हटलं नाही. घरी आल्यावर तिने त्याला बादलीशी बसवलं आणि साबणाने त्याच्या केसांतलं तेल काढायला लागली. मावशीचं बोलणं त्याने तिला सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. तिचे हात मध्येच थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले, थोडे हळू.

"लिंबाचं झाड तिने नंतर लावलं," बादलीत तेलकट हात बुडवत ती म्हणाली. "पोर आजारी पडलं तेव्हा तिथे डुकराचं खोपटं होतं."

"मग?"

"मग खोपटाखाली पुरलं होतं म्हणा. झाड त्यावर आलं, म्हणा. ती भोळी आहे, पण विचारेल. आणि मंगळवारी खणायला सबंध चढ येणार आहे. काहीतरी सापडायला हवं."

दोघांनी मनातल्या मनात हिशोब केला. उद्या सोमवार, मावशी चेपेला हातगाडीवर बसवून बाजारात नेणार, घर दुपारपर्यंत रिकामं.

ओदिलियाने पेटीतून एक जुना झगा काढला आणि त्याचा तुकडा फाडला. फिदेन्सियोने मक्याची सालं आणली. स्वयंपाकघरात, उन्हाच्या पट्ट्यात बसून, चेटक्या म्हणून तीन मंडळ्यांत गाजणार असलेल्या माणसाने जन्मात पहिल्यांदा चेटकाची बाहुली केली. तो सालं दाबून भरत होता, ती शिवत होती. मग त्याने चुलीतली राख आणि ओली माती तिला चोळली, वर्षानुवर्षं पुरल्यासारखी दिसावी म्हणून. बाहुली बेताची झाली. एक पाय आखूड होता.

"टाचण्या दे," तो म्हणाला. "असल्या बाहुलीत टाचण्या टोचलेल्या असतात."

ओदिलियाने बाहुली त्याच्या हातातून काढून घेतली.

"टाचण्या नाहीत."

"अगं, टाचण्यांशिवाय कुणाला पटेल?"

"न पटू दे," ती म्हणाली, आणि त्या मातकट चिंधीच्या तोंडावरची राख तिने शालीच्या टोकाने थोडी पुसली. "चेपे आहे तो, फिदेन्सियो."